भिंतीवरचा काका

माझा काका शाळेच्या भिंतीवर टांगलेला आहे. काचेच्या चौकटीत, चारी कोपऱ्यांना स्क्रू मारून. तो कधी जन्मलाच नाही, त्यामुळे त्याच्या मरण्याचाही प्रश्न येत नाही. निळ्या छापील इंग्रजी अक्षरांत, एका वाक्यात तो उभा आहे. ते वाक्य माझं आहे, हे शाळेत आता कुणाला आठवत नसावं.

प्रिन्सिपलच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. मी, सुवर्णा वहिनी आणि आमच्या दोघींच्या मध्ये ओवी, म्हणजे दादाची मुलगी. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाखत होती. अशा मुलाखतीत मुलीला चार रंग विचारतात आणि आई-बापाला घाम फोडतात. दादाला नेमका त्याच दिवशी जयसिंगपूरला माल आणायला जायचं होतं. निघताना त्यानं मला जिन्यात गाठलं होतं.

"तूच बोल सगळं. हिला तोंड उघडू देऊ नको. हिनं एकदा ‘व्हय’ म्हटलं की संपलं."

"ऐकाय येतंय बरं का!" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली. "मी काय बोलत न्हाई. गप बसतो दगडावानी."

आमच्याकडच्या बायका ‘येतो, जातो, बसतो’ असंच म्हणतात. माझ्या तोंडून ते या शाळेनं काढून टाकलं. वहिनीच्या तोंडी ऐकलं की मला बरं वाटतं, आणि आपल्याला बरं वाटतंय हे मी कुणाला दाखवत नाही.

मला ही शाळा आवडत नाही. दहा-बारा वर्षांनी पायरी चढताना वाटलं होतं, काहीतरी हलेल आत. हललं नाही. फिनेलचा वास तोच. जिन्याच्या कठड्यावरचा तेलकट हिरवा रंग तोच. घंटा मात्र बदलली आहे. पूर्वी पितळी टोल होता, आता स्पीकरमधून कसलीशी पियानोची धून येते आणि ती ऐकूनही माझा हात मांडीवर वही शोधतो. प्रार्थनेची घंटा झाली की शोधायचा, तसाच.

त्या वहीचं कारण होत्या एक बाई. आम्ही त्यांना सेंटेन्स मिस म्हणायचो. रोज सकाळी प्रार्थना झाली की त्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रंगीत खडूनं एक इंग्रजी शब्द लिहायच्या. अर्थ सांगायच्या, एक वाक्य स्वतः करून दाखवायच्या आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपलं वाक्य आणायचं. नियम एकच होता. वाक्य स्वतःच्या घरातलं हवं. पुस्तकातलं चालणार नाही, कल्पनेतलं चालणार नाही. "डबा जसा घरून आणता, तसं वाक्य घरून आणायचं," असं त्या म्हणायच्या. शब्द घरी जाऊन आला की तो विसरत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता.

शब्द विसरला नाही, हे खरं. पण तो घरी जाऊन काय काय उचलून आणायचा ते त्यांनी कधी पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल. मला आता दुसरंच जास्त खरं वाटतं.

‘हट्टी’चा इंग्रजी शब्द आला की कुणाचे तरी आजोबा वर्गात उभे राहायचे. ‘अंधश्रद्धाळू’ आला की कुणाची तरी आई लिंबू-मिरची घेऊन यायची. ‘कर्कश’, ‘चिक्कू’, ‘अडाणी’. आम्ही लहान होतो, बाईंना खूश करायचं होतं, आणि शब्दाला बसेल असं माणूस घरात शोधून आणलं की शाबासकी मिळायची. महिन्याभरात वर्गाला प्रत्येकाच्या घरातलं सगळं कळलं. कोण कुणावर ओरडतं, कुणाकडे फ्रिज नाही, कुणाच्या बापाला रागावल्यावर तोतरं बोलायला होतं. बाई हसायच्या, म्हणून वर्ग हसायचा.

आमचं लक्ष्मीपुरीत पशुखाद्याचं दुकान. सरकी पेंड, गोळी पेंड, भुसा, मक्याचा भरडा. सकाळी बाबा बसायचे, दुपारनंतर आई. आई पोत्यांच्या राशीला टेकून दाभणानं फाटकी पोती शिवायची आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सुतळीचं टोक दातानं तोडायची. त्या दुकानाला एक वास होता. थोडा तेलकट, थोडा गोड, उन्हात भाजल्यासारखा. हिवाळ्यात गावाबाहेरच्या गुऱ्हाळांचा धूर शहरात उतरायचा तेव्हा तो त्यात मिसळून जायचा आणि दुकान जत्रेतल्या खाऊच्या दुकानासारखं वाटायचं. उन्हाळ्यात तो कोरडा व्हायचा, नाकात धुळीसारखा बसायचा. पावसाळ्यात पोती ओल धरायची आणि वास दुप्पट होऊन आमच्या मागं मागं घरी यायचा. आईच्या केसांत, पदरात, माझ्या दप्तरात, डब्यातल्या पोळीच्या पदरांतसुद्धा. मला तो वास म्हणजे संध्याकाळ वाटायची. शाळेत गेल्यावर कळलं की तो वास आहे.

म्हणून मी घरातलं वाक्य आणायचंच नाही असं ठरवलं. पहिले काही दिवस आजारी पडले. मग बाकाखाली काहीतरी शोधू लागले. माझ्या शेजारी नसीम बसायची. तिचे वडील गाद्या भरायचे, तिच्या वेणीत नेहमी कापसाचा एखादा तंतू अडकलेला असायचा. तिनं एकदा, शब्दाला बसतं म्हणून, अब्बांना कापसानं धाप लागते असं वाक्य आणलं होतं. वर्ग हसला. बाईंनी त्या वाक्याला तारा दिला. त्यानंतर नसीम हुशार झाली.

"रडतीस काय?" ती मला म्हणाली. "खोटा काका घे की."

"खोटा?"

"मग? तुला काका हाय का?"

"नाही."

"मग कोण बघाय जातंय? माझे चाचा लई हायेत. पायजे तर त्यातला एक ने. मोठा नको नेऊ पण, ईदीला तोच पैसे देतो."

तिचा चाचा मी घेतला नाही. मी माझा स्वतःचा केला. त्याला गगनबावड्याला ठेवला, कारण ते लांब होतं, घाटमाथ्यावर होतं, आणि तिथं इतका पाऊस आणि धुकं असतं की माणूस दिसला नाही तरी कुणी संशय घेणार नाही, असं मला वाटायचं. त्याला नाव दिलं नाही. नाव दिलं असतं तर कुणीतरी ओळख काढली असती. कोल्हापुरात नावावरून ओळख काढायला दोन वाक्यं पुरतात.

काका सगळे शब्द अंगावर घ्यायचा. ‘धांदरट’ आला तेव्हा तो फणसाच्या झाडावरून पडला. ‘भोळसट’ आला तेव्हा त्यानं भर पावसात आपली छत्री एका अनोळखी पावण्याला देऊन टाकली. ‘कंजूष’ आला तेव्हा त्यानं आगपेटीतल्या काड्या उभ्या चिरल्या. त्याचे कपडे कधी वाळत नसत, त्याच्या भिंतींना शेवाळ यायचं, त्याची म्हैस धुक्यात हरवायची आणि घंटेच्या आवाजावरून तो तिला शोधायचा. वाक्य एका ओळीचं असे, पण त्याच्या मागचं सगळं मी रात्री अंथरुणात रचत असे. मला तो आवडू लागला. माझ्या घरात न राहता त्यानं माझं घर राखलं. आईवर एकही शब्द येऊ दिला नाही. दोन वर्षं.

मग ओपन डे आला. त्या शनिवारी आई-वडिलांनी वर्गात मागं बसून शिकवणं बघायचं असायचं. बाबा गावाला गेले होते, म्हणून आई आली. तिनं मोरपंखी साडी नेसली होती, लग्नकार्यातली. केसांना तेल, हातात नवा रुमाल. दुकान अर्धा तास बंद ठेवून ती थेट आली होती आणि मागच्या बाकावर एवढीशी होऊन बसली होती, म्हणजे दुकानात बसते त्याच्या निम्मी. मी वळून पाहिलं तेव्हा ती हसली. तिला वाटत होतं, आज मुलीचं कौतुक होणार.

फळ्यावर शब्द होता ‘लेमॅन’. बाईंनी अर्थ सांगितला. ज्याला एखाद्या विषयाचं खास ज्ञान नसतं असा साधा माणूस. डॉक्टर रोग्याला लेमॅनच्या भाषेत समजावतो, वकील अशिलाला लेमॅनच्या भाषेत समजावतो, असं त्यांनी हात हलवत सांगितलं. त्या दिवशी पाहुणे होते म्हणून वाक्य तिथल्या तिथं करायचं होतं. बाईंनी मला उभं केलं.

"माय अंकल फ्रॉम गगनबावडा इज अ लेमॅन," मी म्हणाले.

मागे आईनं मान वर केली असणार. अंकल आणि गगनबावडा, एवढं तिला कळलं असणार. आमचं तिकडं कुणीच नव्हतं.

"व्हेरी गुड," बाई म्हणाल्या. "वाक्य अगदी बरोबर. पण काका आज इथे नाहीत. जे इथे आहेत त्यांच्यावर कर."

मी खिडकीकडे पाहिलं. मला आठवतं, खिडकीबाहेर कुणीतरी म्हशी घेऊन चाललं होतं आणि त्यांच्या खुरांचा डांबरावर ओला आवाज येत होता. बाई थांबल्या. वर्ग थांबला. आई पुढं झुकून ओठ हलवत होती, जणू उत्तर तिला येत होतं आणि ती मला सुचवत होती.

शेवटी बाईंनीच वाक्य केलं. हात आईकडे करून. "हर मदर इज अ लेमॅन." आणि नेहमीप्रमाणे नव्या वाक्याला म्हणाल्या, "ऑल टुगेदर."

सगळा वर्ग मागं वळला आणि आईकडे बघून एका सुरात ओरडला. त्यांना त्यात वाईट काही वाटलं नसेल. ते रोजच ओरडायचे. आईनं दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांना नमस्कार केला.

घरी येताना रंकाळ्याच्या वळणावर तिनं विचारलं, "म्हंजे काय गं, ते पोरं म्हणाली ते?"

मला सांगता आलं नाही. अर्थ मला इंग्रजीत आला होता. तो मराठीत कुठं ठेवायचा हे त्या शाळेनं शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "काही नाही." आईनं परत विचारलं नाही. त्यानंतर ती शाळेत कधी आली नाही. निकालाला नाही, गॅदरिंगला नाही, दहावीच्या सेंड-ऑफलाही नाही. आणि कधीपासून ते नक्की आठवत नाही, पण ती संध्याकाळी दुकानातून आली की दुसऱ्यांदा अंघोळ करू लागली. थंडीत, तापात, नळाला पाणी नसलं तर ठेवणीतल्या घागरीतलं घेऊन. शिकेकाईनं केस चोळायची, चंदनाचा साबण लावायची, साडी बदलायची आणि मगच माझ्याजवळ येऊन बसायची. आमच्या घरातली संध्याकाळ हळूहळू चंदनी झाली. मला वाटायचं, वय झालं की बायका अशा होत असतील.

तो शब्द पुढे मला सारखा भेटत राहिला. मी आता पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते, आणि ‘लेमॅनला कळेल असं लिहा’ ही माझ्या कामातली पहिली सूचना असते. त्यामुळे त्याच्याशी माझा रोजचा संबंध आहे. तो वाईट शब्द नाही. नीट वापरला तर सभ्य आहे. ‘गाडीच्या इंजिनाबाबत मी लेमॅन आहे.’ ‘हा अहवाल लेमॅनला कळणार नाही.’ ‘कायद्यात डॉक्टरही लेमॅनच.’ तो एकटा उभा राहत नाही, त्याच्यासमोर एक विषय लागतो. माणूस कशाच्या तरी बाबतीत लेमॅन असतो. जन्मानं, घरानं, साडीवरून नसतो. बाईंना हे माहीत नव्हतं असं मी समजत नाही. त्यांनी विषय सोडून दिला आणि माणूस तेवढा ठेवला.

"वन्सं," वहिनीनं कोपर मारलं. "त्ये बगा. गगनबावडा!"

वहिनी गगनबावड्याकडचीच. दादाला तिकडचं स्थळ आलं तेव्हा माझ्या हातातलं भांडं पडलं होतं. मला क्षणभर वाटलं, आता काकाची चौकशी होणार. तसं काही झालं नाही. वहिनी आली ती मोठ्या आवाजाची, फणसाच्या गऱ्यांच्या पिशव्या घेऊन, पावसाला ‘ह्यो काय पाऊस हाय व्हय’ म्हणत.

आता ती भिंतीसमोर उभी राहून बोटानं एकेक अक्षर लावत होती. वर ‘अवर गोल्डन सेंटेन्सेस’ असं लिहिलेलं होतं आणि खाली चौकटीच चौकटी. आजोबा हट्टी. आई अंधश्रद्धाळू. नसीमच्या अब्बांना लागलेली धाप. सगळी आमच्या घरची माणसं, नावं काढून, काचेखाली.

"अंकल... गगनबावडा," वहिनी आनंदानं वाचत होती. "आमच्यातल्या कुणी लिवलंय काय हो? आन् ह्यो फुडचा शब्द? ले... लेमॅन. म्हंजे काय?"

रंकाळ्याच्या वळणावर आईनं विचारलेला तोच प्रश्न. मी तोंड उघडलं तेवढ्यात शिपाईमामांनी आत बोलावलं.

आत सेंटेन्स मिस बसल्या होत्या. आता त्या प्रिन्सिपल. केस पांढरे, चष्म्याला साखळी. त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांनी ओवीला रंग विचारले, तिनं सांगितले. आकडे विचारले, तेही सांगितले. दहानंतर थांब म्हटलं तरी ती पुढं जात राहिली. बाई हसल्या. मग चष्मा खाली करून वहिनीकडे पाहिलं, आणि वहिनीविषयीचा प्रश्न मला विचारला. इंग्रजीत.

"आईला इंग्रजी येतं?"

"थोडं कळतं," मी म्हणाले.

"मुलगी हुशार आहे. पण घरचं वातावरण बदलावं लागेल. घरात ही भाषा नको." ‘ही भाषा’ म्हणताना त्यांनी दाराकडे हात केला, जणू भाषा चपला काढून बाहेर उभी होती. "आईला जरा लेमॅन्स टर्म्समध्ये समजावून सांगा."

दुभाष्याचं काम मऊ करण्याचं असतं. दादा असता तर म्हणाला असता, ‘मॅडम म्हणतायत, मुलगी छान आहे, घरी थोडा सराव घ्या.’ मीही आयुष्यभर तेच करत आले आहे. त्या दिवशी मला ते जमेना. मी मराठीत म्हणाले, "म्हणतायत, घरात मराठी बोलायचं बंद करा. आणि तुम्हाला कळेल अशा बेतानं मी हे सांगायचं, कारण तुम्ही लेमॅन."

"त्यो पाटीवरचा शब्द न्हवं ह्यो?" वहिनी दगड होऊन बसायचं विसरली. "काय म्हंजे?"

"ज्याला एखाद्या विषयातलं कळत नाही असा माणूस."

"कुठल्या विषयातलं?"

मी बाईंकडे वळले. "ती विचारतेय, कुठल्या विषयातलं."

बाई किंचित हसल्या. "इन जनरल."

"सगळ्यातलंच, म्हणतायत," मी वहिनीला सांगितलं.

"सगळ्यातलंच!" वहिनीनं टेबलावर हात ठेवला. बांगड्या वाजल्या. "आन् मग त्यो आमच्या गावाकडचा पावणा? भिंतीवरचा? त्यालाबी सगळ्यातलंच कळत न्हाई व्हय? नाव काय त्याचं? सांगा की. मी तिथल्या समद्यास्नी वळखतो. जाऊन सांगतो त्याला, तुझी पाटी लावल्या म्हणून."

"काय म्हणतायत त्या?" बाईंनी मला विचारलं, जणू मराठी त्यांना कळतच नव्हतं.

"काकाचं नाव विचारतेय. बाहेरच्या भिंतीवरच्या."

"असेल कुणा जुन्या विद्यार्थ्याचा. आमची सगळी वाक्यं खरी आहेत. घरातली."

"हे नाही," मी म्हणाले. आवाज बारीक आला, पण आला. "हा काका नव्हताच, मिस. मी केला होता."

बाईंनी चष्मा काढला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता त्या माझं नाव घेतील.

"ओह," त्या म्हणाल्या. "दॅट कॅटल-फीड शॉप."

मग पुढच्या पालकांना बोलावायची घंटा वाजवली आणि कळवू म्हणाल्या.

आम्ही तिथून थेट दुकानात गेलो. आई गल्ल्यामागं नव्हती. आत पोत्यांपाशी बसून दाभण चालवत होती. ओवी पळत जाऊन भुशाच्या ढिगावर चढली.

"घेतलं का पोरीला?" आईनं विचारलं.

वहिनीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गगनबावडा, पाटी, चष्मा, बांगड्या, मी काय बोलले ते, आणि मी जे बोलले नाही तेही थोडं. तो शब्द तेवढा ती विसरली होती, नुसतं ‘पाटीवरचा त्यो शब्द’ म्हणत होती. आई ऐकत होती. दाभण खाली-वर होत होतं.

"अजून त्योच शब्द शिकवत्यात?" ती म्हणाली.

"कुठला?"

"लेमॅन." तिनं तो स्वच्छ उच्चारला. आयुष्यात एकदाच ऐकलेला शब्द, इतकी वर्षं कुठंतरी जपून ठेवलेला. "समदा वर्ग वरडला न्हवं माझ्याकडं बघून? म्हंजे काय गं ते?"

या वेळी मी सांगितलं. सगळं. डॉक्टर, वकील, रोगी, अशील, आणि बाईंनी हात करून केलेलं वाक्य.

दाभण थांबलं.

"एवढंच?" आई म्हणाली. "बाई गं." तिनं पदराचं टोक उचललं, नाकाशी नेलं आणि परत मांडीवर सोडलं. "मला वाटलं, वास येतोय म्हणाली सगळी."

बाहेर एक जण सायकल लावून गोळी पेंडीचा भाव विचारत होता. त्याला मी हातानंच थांब म्हटलं. मी आईच्या हातांकडे बघत होते. नखांत सरकीचा पिवळा भुगा होता. इतक्या वर्षांत किती घागरी त्या हातांवरून गेल्या, ते मला मोजायचं नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त ती काच होती, आणि ती कशी फुटेल याचा आवाज.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. फॉर्मवर नंबर माझा होता. ओवीची निवड झाली होती, शाळेच्या परिवारात आमचं स्वागत होतं, आणि फी आठवड्याच्या आत भरायची होती. जागा रिकाम्या असाव्यात.

"न्हाई म्हणून कळवा," वहिनी म्हणाली.

"दादाला काय सांगू?"

"त्यास्नी मी सांगतो. दुसऱ्या शाळा काय जळाल्या व्हय कोल्हापुरात? ढिगानं हायेत."

"इंग्लिश पायजे पर," आई हळूच म्हणाली. "पोरीचं नुकसान नगं माझ्यापायी."

"इंग्लिश शिकंल की, आई. चांगलं फाडफाड शिकंल. पर ह्या बाईच्या हाताखाली न्हाई. आन् शब्द घरात आला की पयला आपल्याला सांगायचा, म्हंजे काय ते. दोघींनाबी. काय वो वन्सं?"

मी मान हलवली. मग फोनवर दोन इंग्रजी शब्द लिहून पाठवले, ‘नो, थँक्स’. त्यात अवघड असं काहीच नव्हतं.

संध्याकाळी दादा आला आणि घरात आवाज चढले. वहिनीचा जास्त. मी माझ्या खोलीत दार लोटून बसले होते, नेहमीसारखी. भिंतीवरचा काका तिथंच राहिला, त्याला मला खाली उतरवता आलं नाही. उद्या त्याच्याखालून कुणाची तरी आई जाईल, मोरपंखी साडी नेसून, आणि तिला वाटेल आज आपल्या मुलीचं कौतुक आहे. मी त्या बाईंना माफ केलेलं नाही. करणार नाही.

दिवेलागणीला आई दुकान बंद करून आली. मी कान देऊन होते. बाथरूमचं दार वाजेल, बादलीत नळ सुटेल, चंदनाचा वास बोळातून येईल. चपला काढल्याचा आवाज आला. पितळी तांब्यानं पाय धुतल्याचा आला. मग बराच वेळ काही नाही.

मी बाहेर येऊन पाहिलं. आई दुकानातल्याच साडीत, भिंतीला टेकून बसली होती. ओवी तिच्या मांडीवर आडवी होऊन, तिच्या पदराचं टोक तोंडात घेऊन, दुपारचे आकडे दहाच्या पुढं मोजत होती. घरभर सरकी पेंडीचा वास होता.